सहा व्होल्टचा आवाज

आमच्या देवणीच्या घरात विजेचा सगळा कारभार मायकडे होता. अण्णा शाळेत गुरुजी, मी पुढे इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली, पण घरातली खरी जाणकार तीच. संध्याकाळी शिवारातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की गावातली वीज बसायची. बल्ब नुसता लाल दिसायचा आणि टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आत सरकायचं. मग माय चुलीपुढून उठायची, पिठाचे हात पदराला पुसायची आणि टीव्हीखालच्या लोखंडी स्टॅबिलायझरची मूठ एक घर पुढं फिरवायची. चित्राकडं बघायची, अजून एक घर. चित्र पडदाभर झालं की परत भाकरीकडं. मुठीच्या कडेनं आकडे छापलेले होते, पण तिचं त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. बारीक झालं की वाढवायचं, मोटारी बंद होऊन बल्ब पांढराफटक पेटला की मागं आणायचं, एवढंच तिचं शास्त्र. आळीतल्या बायका कुंपणापलीकडून विचारायच्या, "ओ गुर्जीनबाई, आमचं चित्र लई बारकं झालंय, किती घरं वाढवू?" आणि माय इथूनच सांगायची. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याची सुरुवात या मुठीपासून आहे, आणि मला ते नीट कळायला जवळजवळ अख्खं आयुष्य लागलं.

अण्णांचा आवाज मोठा नव्हता, पण भरीव होता. शाळेत ते पहिलीला शिकवायचे. मोठे वर्ग मिळत असताना त्यांनी पहिलीच मागून घेतली होती. पोराला पहिलं अक्षर आपण दिलं पाहिजे, पुढचं मग कुणीही देईल, असं त्यांचं म्हणणं. तालुक्यातले अर्धेअधिक लोक त्यांच्या हातून बाराखडी शिकलेले. रविवारी सकाळी विहारात वंदना तेच घ्यायचे. पांढरी कापडं घालून आम्ही सगळे बसायचो, ते एक ओळ म्हणायचे, मागून सगळी वस्ती म्हणायची. लहानपणी मला वाटायचं की अण्णांनी म्हटल्याशिवाय कुणाला काही म्हणताच येत नसेल. घरी मात्र ते कमी बोलायचे. मायला हाक मारायची तर "अगं ए" किंवा "मित्राची माय". माझं नाव संघमित्रा, त्याचं मित्रा झालं, आणि मायची ओळख माझ्या नावाला लागून गेली. ती त्यांना सगळ्या गावासारखं "गुर्जी"च म्हणायची. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही आणि बायकोनं नवऱ्याचं, ही रीत एवढी अंगवळणी पडलेली होती की मायचं नाव यमुना आहे हे मला शाळेच्या दाखल्यावर पहिल्यांदा कळलं.

मी नांदेडला तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला होते तेव्हा अण्णांचा घसा बसला. आधी थंडीनं, मग शाळेतल्या खडूनं, अशी आम्ही कारणं शोधत राहिलो. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा दुखणं पसरलं होतं. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक राहिलं आणि तोंडातून आवाज निघणं संपलं. मायनं जुन्या धोतराच्या मऊ कापडाचे चौकोन शिवले, त्याला नाड्या लावल्या, आणि रोज सकाळी एक स्वच्छ चौकोन ती त्यांच्या गळ्याशी बांधायची. आणखी एक गोष्ट झाली ती आम्हाला उशिरा समजली. श्वास नाकातून जात नसल्यामुळं त्यांना वासच येईनासा झाला होता. माय येसराची आमटी करायची, लसणाची फोडणी आळीच्या टोकापर्यंत जायची, आणि अण्णा शेजारी बसून कशाचीच चाहूल नसल्यासारखे भिंतीकडं बघत असायचे. भाकरी आमटीत कुस्करून ती त्यांच्यापुढं ठेवायची आणि ते जेवतात की नाही हे न बघण्याचं सोंग करून बघत राहायची.

बोलायला त्यांनी पाटी घेतली. शाळेतलीच, लाकडी चौकटीची. आल्यागेल्याशी पाटीवर बोलायचे, माझ्याशी बोलायचे, हेडमास्तर आले तर त्यांच्याशी तासभर लिहीत बसायचे. अक्षर असं की पुसायला जीव होत नसे. पण मायला लिहितावाचता येत नव्हतं. गावाला अक्षरं देणाऱ्या माणसाच्या घरात ती तेवढी कोरी राहिली होती. कुणाच्या कधी मनातही आलं नव्हतं, कारण तोंडानं सगळं भागत होतं. आता पाटीमुळं ते जगाशी बोलू शकत होते आणि ज्या एका माणसाबरोबर दिवसभर राहायचं, तिच्याशीच नाही. मी सुट्टीत घरी आले की दोघांच्या मध्ये बसून वाचून दाखवायचे. मी नसले की हातवारे. हातवाऱ्यानं पाणी मागता येतं, औषध मागता येतं. त्याच्या पलीकडचं कसं मागायचं?

दवाखान्यातल्या एका बाईंनी खटपट करून एक यंत्र मिळवून दिलं. टॉर्चएवढं, मुठीत मावणारं. गळ्याच्या बाजूला दाबून धरायचं आणि बटण दाबायचं, म्हणजे ते गुणगुणायचं, आणि ओठ हलवले की त्या गुणगुणण्यातून शब्द उमटायचे. आवाज एकसुरी, भुंग्यासारखा, पण शब्द कळायचे. दोन महिने बरं चाललं, मग त्याच्या आतली बॅटरी मेली. बाहेरच्या देशातला माल होता. उदगीरला विचारलं, लातूरला विचारलं, नांदेडच्या सगळ्या दुकानांचे उंबरे मी झिजवले. तसली बॅटरी कुणी पाहिलीही नव्हती. पाटी पुन्हा बाहेर आली. माय मला म्हणाली, "तू इजेचंच शिकून राहिलीस ना नांदेडात? मग येवढं कर की माय माझी."

मौलाभाईंचं दुकान नांदेडच्या वजिराबादेतल्या एका बोळात होतं. रेडिओ, टेप आणि इमर्जन्सी दिवे दुरुस्त करायचे. साठीचे, चष्म्याला दोरा बांधलेला. कॉलेजात मला कुणी शिकवलं नाही तेवढं त्यांच्या बाकड्यावर शिकले. मी यंत्र उघडून दाखवलं. त्यांनी मीटर लावून सांगितलं, याला सहा व्होल्ट लागतात, जास्त नको. मग ठरलं असं: इमर्जन्सी दिव्यातल्या जुन्या, पण अजून जीव असलेल्या दोन छोट्या बॅटऱ्या एकापुढं एक जोडायच्या, म्हणजे बारा व्होल्ट. त्यातून तीन पायांच्या रेग्युलेटरनं हवे तेवढे व्होल्ट काढायचे. हे सगळं जेवणाच्या एका प्लास्टिकच्या डब्यात बसवायचं, डबा खांद्याच्या पिशवीत, आणि पिशवीतून एक वायर यंत्रापर्यंत. तापलेल्या खिळ्यानं डब्याला भोकं पाडली. रेग्युलेटर तापतो म्हणून त्याला जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या जुन्या झाकणाचा पत्रा कापून लावला. राळेचा धूर डोळ्यांत जायचा, सोल्डरचे डाग नीट बसायचे नाहीत, मौलाभाई ते उचकटून पुन्हा द्यायला लावायचे. मला अजून आठवतं, पहिल्यांदा मीटरचा काटा सहावर जाऊन स्थिर राहिला तेव्हा मी श्वास धरून बसले होते, जणू माझ्या श्वासानंही तो हलला असता.

मी डब्याला एक मूठ बसवली होती. ती फिरवली की व्होल्ट दीडपासून दहापर्यंत कमीजास्त व्हायचे. मौलाभाईंना ते पटलं नाही. "बेटी, अब्बा की मशीन कू छेच व्होल्ट होना ना? फिर ये घुमनेवाला कायकू? छे पे पक्का कर दे, किस्सा खतम."

"मौलाभाई, याच्यावर रेडिओ पण चालंल, टेप पण चालंल. लाइट गेली तर घरातलं सगळं चालंल."

"चलता सब. पन घर में हात भी लई रहते, बेटी."

मी ऐकलं नाही. खरं कारण रेडिओ नव्हतंच. माझ्या वर्गात आम्ही तिघीच मुली, आणि प्रयोगशाळेत पोरं आम्हाला मीटरला हात लावू द्यायची नाहीत. मला पुरा डबा करून दाखवायचा होता, मूठ आणि आकड्यांसकट. एका कागदाच्या गोल चकतीवर मी बारीक इंग्रजी आकडे काढले, प्रयोगशाळेतल्या यंत्रावर असतात तसे, आणि ती मुठीखाली चिकटवली. काय देखणं दिसत होतं ते! कुणी वाचायचंय याचा विचार मी केला नव्हता.

डबा घेऊन देवणीला आले तो दिवस मी विसरणार नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. अण्णा जेवायला बसले होते. मी पिशवी त्यांच्या खांद्याला लावली, वायर जोडली, मूठ सहावर आणली. त्यांनी यंत्र गळ्याला लावलं, बटण दाबलं, आणि चार महिन्यांनंतर त्या घरात अण्णांचं पहिलं वाक्य उमटलं.

"वरणात मीठ कमी हाय."

माय खळखळून हसली आणि हसता हसता रडायला लागली. "येवढे दिस कमीच हुतं की, गुर्जी," ती म्हणाली, "सांगायचं न्हाई व्हय?" त्या दुपारी ते दोघं किती बोलले! शेजारच्या म्हशीबद्दल, पत्र्याच्या गळतीबद्दल, माझ्या लग्नाबद्दल, मी तिथं बसलेली असताना मी नसल्यासारखं. मी शेंगा सोलत ऐकत होते. मला फार अभिमान वाटत होता, आणि खोटं कशाला सांगू, त्यातला बराचसा डब्याबद्दल होता. विहारात निरोप गेला की येत्या रविवारी वंदना गुरुजीच घेणार.

त्याच आठवड्यात गावची विजेची डीपी जळाली. चार दिवस वीज नाही. जुन्याच बॅटऱ्या त्या, दोन दिवस ताकदीनं चालायच्या, तिसऱ्या दिवशी आवाज बारीक व्हायला लागला. मी चौथ्या दिवशी शिरूर अनंतपाळला मैत्रिणीकडं गेले होते, संध्याकाळी परतले तेव्हा वीज आलेली होती. घरात शिरल्या शिरल्या मी डबा चार्जरला लावला. मुठीकडं पाहिलं नाही. मीटर पिशवीतच होता. आजही कुठलंही यंत्र जोडण्याआधी मी दोनदा मीटर लावते. पुढं तंत्रनिकेतनात शिकवत होते तेव्हा पोरी हसायच्या, मॅडमना भुताटकी झालीय म्हणायच्या.

रविवारी सकाळी अण्णांनी पांढरा सदरा घातला. मायनं नवा चौकोन बांधला. विहारात जाण्याआधी ओळी एकदा म्हणून बघाव्यात म्हणून ते ओसरीत बसले आणि बटण दाबलं. यंत्र कधी नव्हे ते जोरात ओरडलं. अण्णा दचकले, मग त्यांना वाटलं असावं की भरलेल्या बॅटरीचा जोर आहे. ते म्हणत राहिले. चुलीपाशी माय ओरडली, "कायतर जळून राहिलंय!" मी धावत बाहेर आले. ओसरीभर जळक्या रबराचा उग्र वास पसरला होता आणि त्याच्या मधोमध बसलेल्या एका माणसालाच तो येत नव्हता. मी वायर ओढून काढेपर्यंत यंत्राचा आवाज चिरका झाला, फाटला आणि बंद पडला. अण्णांचे ओठ अजून दोन शब्द पुढं गेले होते.

डब्यावरची मूठ शेवटच्या टोकाला होती. "हे कुणी फिरवलं?" मी विचारलं.

"म्या," माय म्हणाली. "कालच्याला. लई बारीक झालं हुतं. मागं आणायचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई बघ."

बॅटऱ्या संपत आल्या होत्या तेव्हा त्या फिरवण्यानं काहीच बिघडलं नव्हतं. बॅटऱ्या रात्रीतून भरल्या आणि मूठ तिथंच राहिली, तेव्हा दहा व्होल्ट गेले. हे मी त्या क्षणीही जाणत होते. भरल्या त्या मी. तरी माझ्या तोंडून जे गेलं ते गेलं. "तुला वाचता येतंय का? मग हात कशाला लावलास? अण्णांचा आवाज घालवलास तू."

माय पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली. अण्णा उठले. आत जाऊन पाटी घेऊन आले. त्यांनी लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं, "तिला वाचता येत नाही, हा दोष कुणाचा?"

मला वाटलं ते मला बोलत आहेत. मग त्यांनी खडूचं टोक स्वतःच्या छातीला लावलं. पांढऱ्या सदऱ्यावर पांढरा ठिपका, दिसलाही नाही. त्यांनी पाटी पुसली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला, पहिलीच्या पोरासाठी काढतात तशी ठळक अक्षरं, आणि मायपुढं धरली. तिनं माझ्याकडं पाहिलं. "काय लिवलंय?"

"तुझं नाव," मी म्हटलं. "यमुना."

ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मला वाटलं, माझं बोलणं लागलं. लागलं असेलही.

त्या रविवारी अण्णा विहारात गेले. पुढं बसले, ओठांनी ओळ म्हटली, हातानं ताल दिला. पहिल्या ओळीला कुणालाच काही सुचेना. मग मागून एका म्हाताऱ्या बाईनं ती ओळ म्हटली, आणि तिच्यामागून सगळ्यांनी. अशा रीतीनं त्यांनी पुढं कितीतरी रविवार वंदना घेतली.

घरी मात्र दुपारची शाळा सुरू झाली. माय पाटीवरचं आपलं नाव गिरवायची, गिरवून गिरवून अक्षर जाड होऊन जायचं. ती हट्टी होती, आणि अण्णांना घाई नव्हती. बोलता येत नसलेला मास्तर आणि वाचता येत नसलेली विद्यार्थिनी, आवाजाशिवाय बाराखडी कशी शिकवली असेल हे मला आजही सांगता येणार नाही. चिंच दाखवायचे आणि च काढायचे, बोट दाखवायचे आणि ब. मी शनिवारी यायचे तेव्हा आठवड्याची अक्षरं एकदा म्हणून दाखवायचे, तेवढंच माझं काम. दुसरं यंत्र मिळायला दीड वर्ष गेलं. ते आलं तेव्हा अण्णा ते पाहुण्यांसाठी वापरायचे. मायशी बोलायला त्यांना पाटीच बरी वाटायची. रोज सकाळी पाटीच्या वरच्या कडेला तिचं नाव, मग खाली काय ते. पुढं चार वर्षांनी ते गेले. पाटीवर शेवटचं काय होतं ते मायनं कुणाला पुसू दिलं नाही, आणि वाचूही दिलं नाही.

आता मी निवृत्त होऊन लातूरला राहते. माय माझ्याजवळ आहे. ऐंशीच्या पुढं गेली, कान अधू झाले, पण छोटा रेडिओ उशाशी लागतोच. त्याला चार सेल लागतात आणि ते आठवड्यात संपतात. म्हणून गेल्या महिन्यात मी तिच्यासाठी पुन्हा एक डबा करायला घेतला. आता सगळं किती सोपं झालंय! काडेपेटीएवढी तयार पट्टी मिळते, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले दोन सेल, आणि वर लाल आकडे उजळतात. या वयात मात्र डाग द्यायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. माय पलंगावर बसून बघत होती. मी मूठ फिरवली तशी ती आकडे वाचत गेली, "चार... पाच... पाच पाइंट आठ... सा." आणि म्हणाली, "थांब आता. सहालाच थांबायचं आस्तंय."

मी तिच्याकडं पाहिलं. त्या सकाळबद्दल आम्ही कधीच बोललो नव्हतो. अण्णा गेल्यावरही नाही. मी म्हटलं, "माय, तवा मी तुला लई वाईट बोलले."

"बोललीस," ती म्हणाली. "खरं तेच बोललीस. वाचता कुठं येत हुतं?"

"वाढवलंस कशाला पण? संध्याकाळी लाइट येणारच हुती."

तिनं रेडिओची वायर बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "आम्ही दोघंच हुतो घरात. तू शिरूरला गेल्ती. गुर्जींनी ती मशीन गळ्याला लावली आन् माझं नाव घेतलं. यमुना म्हनले. लगीन झाल्यापासून पैल्यांदा. पन लई बारीक आलं. म्या म्हनलं, पुन्यांदा म्हना, आन् मूठ फिरवली. तरी बारीकच. मग आखरीपर्यंत फिरवली."

"येवढी वर्षं सांगितलं का न्हाईस?"

"तू इचारलं कुठं?" ती म्हणाली. "कुणी फिरवलं, येवढंच तू इचारलंस."